टेंभरांचा गोळा आणि लाल त्रिकोणाची खोली

माझा आवाज मोठा आहे. किती मोठा, हे सांगायला साक्षीदार आता फारसे उरले नाहीत, म्हणून मीच सांगते. दवाखान्याच्या ओसरीत उभी राहून मी "पुढचा पेशंट!" अशी हाक मारली, की आंबागडच्या किल्ल्यावरची वानरं खाली उतरून रांगेत उभी राहायची. एक-दोघांना तर मी गर्दीत गोळ्याही देऊन टाकल्या. दोघंही बरे झाले.

आमचा दवाखाना त्या किल्ल्याच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये. सरकारी, सहा खाटांचा. सहावी खाट तीन पायांची होती, म्हणून तिच्यावर अंगानं हलका पेशंट ठेवायचो. एक्स-रेचं मशीन आलं होतं. फिल्मा यायच्या होत्या. मी तिथं होते तितकी वर्षं त्या यायच्याच होत्या. मशीनच्या अंधाऱ्या खोलीत शिपाई धानाच्या तणशीत आंबे पिकवायचा, आणि त्या खोलीतून निघालेलं निदान कधी चुकलं नाही. पिकला म्हणजे पिकला.

पण एका बाबतीत आमचा दवाखाना विलायतेच्या तोंडात मारील असा होता. ती नसबंदीची खोली. दिवस आणीबाणीचे. खोलीला नवा रंग, टेबलाला नवं रेक्झिन, डोक्यावर थाळ्याएवढा दिवा, कात्र्या-चिमट्यांचे सहा-सहा संच आणि दारावर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. खोकल्याचं औषध मागितलं तर वर्षभर पत्रव्यवहार चालायचा, पण या खोलीसाठी मी नुसती जांभई दिली तरी जिल्ह्याहून खोकं येऊन पडायचं. पुरुष माणूस म्हणजे दोन नळ्या आणि त्यांच्याभोवती थोडं मांस, असा सरकारचा त्या वर्षीचा शरीरशास्त्राचा अभ्यास होता.

मास्तरला टार्गेट, तलाठ्याला टार्गेट, मलाही टार्गेट. जीपचा आवाज आला की गावोगावचे पुरुष जंगलात. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना जीप वाजली. अंतरपाट खाली आला तर पलीकडे नवरदेव नाही, नुसता भटजी, आणि तोही धोतर आवरून पळायच्या बेतात.

डॉक्टर पुण्याकडचा, सव्वीस वर्षांचा. इतका बारीक, की ॲप्रन घातला की तो खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. मुलगा गुणाचा. पण वर्षभरात त्यानं तेवढं एकच ऑपरेशन इतक्या वेळा केलं होतं, की ओसरीत बसल्या बसल्या त्याची बोटं हवेत गाठी मारायची.

अशात मे महिन्यातल्या एका सकाळी आंबागडहून चौघांनी बाजेवर एक म्हातारा आणला. आणला म्हणजे फाटकाच्या बाहेर टेकवला आणि चौघंही पळाले. फाटकाच्या आत गेलेला पुरुष अख्खा बाहेर येईल याचा भरवसा कुणालाच नव्हता. त्या चौघांत म्हाताऱ्याचे दोन मुलगे होते. ते तेवढे रस्त्यापलीकडच्या मोहाच्या झाडामागे थांबले. बाजेजवळ उरली एकटी म्हातारी. मी आणि शिपायानं बाज ओढत आत घेतली.

म्हाताऱ्याचं पोट असं फुगलं होतं, की तो झोपलेला होता आणि पोट उठून बसलं होतं. ओकारी हिरवी. तीन दिवस परसाकडं नाही, वाराही सरला नव्हता.

"काय झालं गं आजी?" मी विचारलं.

"काय होते? एकादशी झाली."

"एकादशीनं पोट फुगते का?"

"उपास करते ना हा मानूस! दिवसभर पानी नाई पेला. अन् सांजच्यानं सूपभर टेंभरं खाल्ली. फराळ म्हने."

एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्याकडे नवं नाही. पण टेंभरं! ज्या झाडाच्या पानांची विडी होते त्याचंच हे फळ. गोड, चिकट, साल चामड्यासारखी, आत बिया. पोरं खातात ती साल सोलून, बिया थुंकून, आणि तीही मूठभर.

"दात आहेत का यांना?"

"दोन होते. ते पोळ्याले पडले."

"मग चावली कशी?"

"चावली कायले? गिळली! सालीसकट, बियासकट. म्या म्हनलं, बिया तरी थुका. तं म्हने, उपासाचं थुकू नये, पाप लागते."

म्हणजे रिकाम्या पोटी, बिनदाताच्या तोंडानं, सूपभर टेंभरं पुण्य म्हणून आत गेली होती आणि आत जाऊन त्यांनी एकी केली होती. त्यावर घरचे उपचार झाले. आधी एरंडेल. गुण येईना म्हणून दुप्पट एरंडेल. मग गरम विटा. मग एका जाणत्यानं पोटावर नारळ फिरवला. म्हणजे दाराला आतून कडी, आणि हे बाहेरून दार बडवत होते.

डॉक्टरनं पोटावर बोटं वाजवली. ढोलकीसारखा आवाज आला. कानाला नळ्या लावून बराच वेळ ऐकलं. मग मला बाजूला घेतलं. त्याचा चेहरा ॲप्रनइतकाच पांढरा झाला होता.

"सिस्टर, आतडं अडलंय. गोळा झालाय फळांचा. असं पुस्तकात वाचलंय, पाहिलं नाही कधी. नागपूरला पाठवायला हवं."

"जीप आंधळगावला आहे. कंपाउंडरसकट."

आंधळगावला नसबंदीचं शिबिर होतं. शिपाई सायकल हाणत पोस्टात गेला, फोन लावला आणि उत्तर घेऊन आला : जीप शिबिराच्या कामात आहे, पेशंट पुरुष असल्यास शिबिरात आणावा. दुपारची एस.टी. यायची, पण तिलाही त्या दिवशी माणसं गोळा करायला लावलं होतं. म्हणजे आता नागपूरला जायचं तर आंबागडच्या वानरांच्या पाठीवर बसूनच.

म्हाताऱ्याच्या नाकातून पोटात नळी घातली. बालदीभर हिरवं पाणी निघालं. बालदी म्हणजे आमची लहानी बालदी; पण बालदीच. दोन्ही हातांना सलाईन लावलं. दुपारपर्यंत वाट पाहिली. पोट उतरेना. नाडी चढू लागली, आणि मघापर्यंत येऊन-जाऊन असलेली कळ आता जागची हलेना.

डॉक्टर म्हणाला, "आता थांबलो तर आतडं काळं पडेल. मग काहीच करता येणार नाही." आणि मग माझ्याकडे वळून, "मी एकट्यानं पोट कधी उघडलं नाही, सिस्टर."

"मी नागपूरला सात वर्षं उघडलेली पोटं धरून उभी होते," मी म्हटलं. "तुम्ही उघडा. मी धरते."

खरं तर पाचच वर्षं. वरची दोन त्याच्या धीरासाठी.

ऑपरेशनला घरच्यांचा अंगठा लागतो. म्हातारी म्हणाली, पोट्ट्याइले विचारा. पोट्टे रस्त्यापलीकडे. मी ओसरीत येऊन हाक मारली. झाडावरचे पोपट उडाले, पोट्टे हलले नाहीत.

"अरे, इकडे या! बापाचं पोट उघडायचं आहे! अंगठा पायजे!"

"तेथूनच सांगा, सिस्टरबाई! ऐकू येऊन राह्यलं!"

"पोट उघडतो! नाही उघडलं तर बाप जाते!"

झाडामागे थोडी कुजबुज झाली. मग थोरल्यानं तोंड बाहेर काढलं. "बेंबीच्या वर का खाली?"

"मधोमध!" मी ओरडले. शेवटी शिपाई शाईचं पॅड घेऊन पलीकडे गेला. झाडाच्या एका बाजूनं एक अंगठा बाहेर आला, दुसऱ्या बाजूनं दुसरा. बाकी माणसं दिसलीच नाहीत. शिपाई दोन अंगठे घेऊन परत आला.

आता सगळं जुळलं असं वाटलं. शिपायानं आणि मी म्हाताऱ्याला स्ट्रेचरवर घेतलं. सकाळपासून त्यानं डोळा उघडला नव्हता. पण त्या खोलीच्या दारापाशी आलो, त्यानं वर बघितलं, आणि त्याला लाल त्रिकोण दिसला.

मेलेल्यासारखा पडलेला तो म्हातारा उठून बसला. नाकात नळी, हातांत सुया, आणि दोन्ही हातांनी दाराची चौकट पकडलेली. माझ्यासारखी दणकट बाई आणि शिपाई, दोघं मिळून त्याचं एक बोट सोडवू शकलो नाही.

"नाई जात मी त्या खोलीत! मले मालूम हाये तेथं काय करतेत!"

"बाबाजी, तुमचं आतडं अडलं आहे. मराल हो."

"मरन परवडलं! मानूस म्हनून मरीन!"

म्हातारी मागून आली. "पाच नातू झाले, डोक्यावर केस नाई, तोंडात दात नाई, अन् आता कोनासाठी जपून राह्यले हो तुमी?"

"तू चूप बस वो! तुले काय मालूम?"

"मले नाई मालूम तं कोनाले मालूम?"

सहाही खाटा हसल्या. तीन पायांची तर उलटायची वाचली. डॉक्टरनं म्हाताऱ्यापुढे कागदावर आतड्याचं चित्र काढलं, गोळा दाखवला, इथं कापणार असं बोट ठेवलं. म्हाताऱ्यानं चित्र नीट पाहिलं.

"मोतीबिंदू म्हनून नेला होता माह्या साळ्याले, याच खोलीत," तो म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "डोळे अजून तसेच हायेत त्याचे."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी डॉक्टरकडे पाहिलं नाही. त्या साळ्याच्या वेळी दिव्याचं तोंड मीच वळवून दिलं होतं, आणि तो माझ्या टार्गेटात धरला गेला होता. इतकी वर्षं मी गप्पा मारते आहे, फुगवून सांगते आहे; पण हे वाक्य जेवढं होतं तेवढंच सांगते. ते फुगवायची गरज नाही.

वेळ चालला होता. मी म्हाताऱ्याच्या कानाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "बाबाजी, तुमचं खरं आहे. या खोलीत नाही नेत. तुम्हीच सांगा कोणती खोली."

त्यानं विचार केला. नाडी धावत होती, आणि हा गृहस्थ घर भाड्यानं घ्यायला आल्यासारखा इकडे-तिकडे बघत होता.

"जेथं आजवर कोन्या मानसाचं ते झालं नाई, तेथं न्या."

अशी खोली अख्ख्या दवाखान्यात एकच होती. बाळंतपणाची.

नेला. टेबल लहान, पाय बाहेर. त्याखाली दोन स्टुलं लावली. दिवा नाही, कारण थाळ्याएवढा दिवा त्या दुसऱ्या खोलीच्या छताला खिळलेला. पण खिडकी पश्चिमेची आणि ऊन मे महिन्यातलं. शिपायाच्या बायकोचा आरसा आणला. शिपाई खिडकीबाहेर आरसा धरून उभा राहिला आणि ऊन म्हाताऱ्याच्या पोटावर पाडू लागला. सूर्य सरकला की शिपाई सरकायचा. आमच्या जिल्ह्यात सूर्यप्रकाशाला शिपाई लावलेला तो पहिलाच दवाखाना असावा.

डॉक्टरनं पाठीच्या मणक्यात सुई दिली. म्हातारा जागा, पण बरगड्यांपासून खाली बधिर. झालं! नवीनच बोंब.

"केलं! केलं वाटते! मले खालचं काईच समजून नाई राह्यलं!"

"अजून सुरुवात नाही केली, आजोबा," डॉक्टर म्हणाला.

"मंग गेलं कोठं सारं?"

यावर उपाय एकच होता. म्हातारीला हातपाय धुवायला लावले, गाऊन चढवला, तोंडाला फडकं बांधलं आणि टेबलाच्या पायथ्याशी पहाऱ्याला उभं केलं. मध्ये चादरीचा पडदा. दर पाच मिनिटांनी पडद्याच्या वरच्या बाजूनं प्रश्न यायचा आणि खालच्या बाजूनं उत्तर जायचं.

"पाहून राह्यली का वो?"

"पाहून राह्यली. जागच्या जागी हाये. कोनी चोरून नाई नेत."

डॉक्टरनं सुरी घेतली, पण बोटं सवयीनं हवेत गाठीच मारू लागली. मी चिमट्यानं त्याच्या बोटांवर टिचकी मारली, नागपूरचे मोठे सर्जन मारायचे तशी. हात थांबला. पोट उघडलं. फुगलेलं आतडं सायकलच्या ट्यूबसारखं बाहेर आलं. डॉक्टर ते बोटाबोटानं चाचपत गेला, आणि एका जागी बोटं अडली. पुढे आतडं चपटं, रिकामं. रंग लाल-निळा, पण काळा नाही. त्यानं श्वास सोडला तो मला ऐकू आला.

आधी त्यानं गोळा बाहेरूनच दाबून फोडायचा प्रयत्न केला. फुटेना. पुढे सरकवायचा प्रयत्न केला. सरकेना. तेवढ्यात खिडकीबाहेर शिपायाला घेरी आली आणि ऊन एकदम डॉक्टरच्या कानावर गेलं. मी शिपायाच्या नावानं अशी आरोळी ठोकली, की घेरीच घाबरून निघून गेली. ऊन पुन्हा पोटावर आलं.

आतड्याला छेद दिला आणि गोळा बाहेर काढला. काळपट, दगडासारखा, अंगावर बिया टोचलेला. केवढा? त्या दिवशी डॉक्टरनं केसपेपरवर लिंबाएवढा लिहिला. गेली काही वर्षं मी सांगते तेव्हा तो बेलफळाएवढा असतो. यापुढे किती वाढेल, ते ऐकणाऱ्यांवर आहे.

आतडं शिवायला रेशीम हवं. दवाखान्यात दोरा होता तो दुसऱ्या कामाचा. आतड्याच्या बाहेरच्या टाक्यांना तो पुरेना. माझ्या ट्रंकेत आंधळगावच्या एका विणकरणीनं बाळंतपणाच्या आनंदात दिलेली कोशाच्या रेशमाची लडी होती. ती आम्ही आधीच उकळून ठेवली होती. म्हणून सांगते, लग्नात कोशाची साडी नेसणाऱ्या बाया पुष्कळ पाहिल्या, पण कोसा नेसलेलं आतडं मी एकच पाहिलं.

"निंगला!" शिपाई खिडकीतून ओरडला.

"काय झालं?" मोहाच्या झाडामागून मुलगे.

"गोळा झाला!"

आणि ओसरीत आपल्या पाळीची वाट बघत बसलेली एक गरोदर बाई हात जोडून म्हणाली, "सुटला बाप्पा एकदाचा."

पण सुटला नव्हता. पोट शिवलं म्हणजे झालं असं नसतं. आतडं दुखावलेलं, रुसून बसतं. ते पुन्हा चालू लागलं, हे सांगायला एकच निरोप्या असतो, आणि तो कोणत्या वाटेनं येतो हे सर्वांना ठाऊक आहे. तो येईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. आला नाही, तर टाके उसवले समजायचं, आणि मग दुसऱ्यांदा पोट उघडायची ताकद ना म्हाताऱ्यात होती ना डॉक्टरात.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. डॉक्टर तासातासाला पोटाला कान लावायचा. मी पहाटे, दुपारी, संध्याकाळी एकच प्रश्न विचारायचे, आणि माझ्या आवाजामुळे तो प्रश्न अर्ध्या तालुक्याला जायचा. वाटसरू फाटकातून विचारू लागले, "सरला का वारा?" म्हातारीनं एकदा पदराखाली पेजेची वाटी आणली. मी हात धरला. "उपाशी मानूस बरा होते काय बाई?" म्हणाली आणि रडायला लागली. त्या तीन दिवसांत ती पहिल्यांदाच रडली. मी तिला रागावणार होते, नाही रागावले. पेज मात्र मीच पिऊन टाकली, वाया कशाला घालवायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा गप्प होता. पोट थोडं तटतटलेलं. डॉक्टरनं दाढी केली नव्हती, डोळ्याला डोळा देत नव्हता. आणि नेमकी तेव्हाच जीप आली. आमची जीप! जी माणूस मरत असताना मिळाली नाही, ती साहेब तपासणीला यायचे म्हटल्यावर धुऊन-पुसून आली. फाटकासमोर ती थांबताच मोहाचं झाड रिकामं झालं.

साहेब जिल्ह्याचे कोणीतरी. पोट त्यांचंही मोठं, पण वाहतं होतं. वॉर्डात आले आणि म्हाताऱ्यासमोर थांबले.

"या आठवड्यात किती केसेस?"

"साहेब, या आठवड्यात एकही नाही," डॉक्टर म्हणाला. "हे आतड्याचं..."

"पुरुष आहे ना?"

"हो, पण..."

"टेबलावर घेतला ना? टाके पडले ना?"

"पोटावर, साहेब."

"टाके कुठं पडले ते रकान्यात विचारलेलं नाही." साहेब रजिस्टर घेऊन आलेल्या बाबूकडे वळले. "एक धरा."

म्हाताऱ्याला शहरी बोलणं सगळं समजलं नसेल, पण हे समजलं. "धरा? काय धरा? कोनाले धरा?" तो दोन कोपरांवर उठला. तीन दिवस घशातून आवाज नव्हता, आता सिंहासारखा गरजला. "माह्यी बायको पहाऱ्यावर होती! विचार तिले! जागच्या जागी हाये! दाखवू का? दाखवू?"

त्या जोरात, त्या रागात, चादरीखालून ते निघालं. थांबून थांबून, लांबलचक, नव्या नवरीच्या वरातीतल्या सनईसारखं. साहेबांनी रुमाल काढला. बाबूनं खिडकीकडे पाहिलं.

"सरला!" मी ओरडले. "वारा सरला हो!" डॉक्टर साहेबांना ढकलून म्हाताऱ्याच्या पोटावर कान टेकवून बसला, आणि कान टेकलेलाच ठेवून हसायला लागला. म्हातारीनं दोन्ही हातांनी साहेबांना नमस्कार केला, कारण तिला वाटलं हे साहेबांच्या येण्यानंच झालं. एका परीनं ते खरंही होतं. मी चमचाभर पाणी म्हाताऱ्याच्या तोंडात घातलं. त्यानं ते चावून चावून गिळलं.

बाबूनं मात्र एक धरला तो धरलाच. महिन्याभरानं म्हाताऱ्याच्या घरी सही-शिक्क्याचा दाखला गेला : अमुक इसमाची नसबंदी झाली आहे. मला वाटलं, हा बुढा आता कुऱ्हाड घेऊन येतो. आला नाही. पुढच्या वेळी आंबागडला जीप गेली तेव्हा सगळे पुरुष जंगलात आणि हा एकटा पारावर विडी ओढत बसलेला, मांडीवर दाखला. जीपवाल्यानं वाचला आणि नमस्कार करून गेला. नंतर तो दाखला गावात हातोहात फिरला म्हणतात. साळ्यालाही त्यानं तो द्यायची तयारी दाखवली होती. साळा म्हणाला, "आता काय कामाचा?"

दुसऱ्या उन्हाळ्यात लसीच्या कामाला मी आंबागडला गेले तर एकादशीच होती. म्हातारा ओसरीत बसलेला, पुढ्यात वाटी, वाटीत मोजकी टेंभरं. म्हातारी एकेक सोलत होती, बिया काढून सुपात टाकत होती, आणि नुसता गर त्याच्या हातावर ठेवत होती.

"उपासाचं फेकू नये वो," तो कुरकुरला. "पाप लागते."

"लागू द्या," म्हातारी म्हणाली. "माह्या नावानं लागू द्या. तुमी गिळा."